मोठा ट्रे

हिरवी उलटी म्हणजे थांबायचं नाही,
एवढं आता मलाही कळतं.
परळच्या या इस्पितळात, तळघरात,
सोळा वर्षं हत्यारं धुतेय मी.
पेशंट दिसत नाही कधी.
वरून येतं ते रक्त लागलेलं पोलाद
आणि चिठ्ठी.

रात्री सव्वादोनची चिठ्ठी:
बेबी ऑफ नूतन कुडतरकर.
वय एकोणीस दिवस. दोन किलो आठशे.
आतड्याला पीळ. दुर्बिणीतून.
खाली पेसुना मॅडमचं तिरकं अक्षर,
तीन मिलिमीटरचा सेट पाठवा.
मोठा ट्रे तयार ठेवा.

तीन मिलिमीटर म्हणजे विणायच्या सुईएवढं,
टोकाला चिमटा, चिमट्याला दात,
भिंगाखाली धरल्याशिवाय दिसत नाहीत ते.
मोठा ट्रे उचलायला दोन्ही हात लागतात.
तो वर गेला की समजायचं,
पोट उघडावं लागलं.

तांबे लिफ्टवर असतो, त्याला सगळं माहीत.
म्हणाला, घोडपदेवहून टॅक्सीनं आली बाई,
सासू सांगत होती, बेंबीभोवती हिंग लाव, झोपेल.
ही म्हणाली, हा रंग दुधाचा नाही,
आणि दुपट्यासकट निघाली.
कसला रंग रे?
टाकीच्या कडेला शेवाळ धरतं बघ, तसला.

मी ट्रे टेबलावर काढून ठेवला.
करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून केबल गुंडाळत बसले.
पहिल्याच दिवशी ब्रिजेट सिस्टरनं शिकवलं होतं,
दिव्याची केबल मनगटाभोवती गुंडाळायची नाही.
मोठं वेटोळं, सैल.
आत केसासारख्या काचेच्या तारा असतात,
पीळ बसला की मरतात.
टोक उजेडाकडे धर, काळे ठिपके मोज,
तेवढ्या गेल्या.

मॅडम एकदा खाली आल्या होत्या,
चिमटा नीट मिटत नाही म्हणून.
तेव्हा धीर करून विचारलं होतं,
पीळ सोडवल्यावर सगळं जागच्या जागी बसवता का हो?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, जागेवर ते कधी नव्हतंच.
आईच्या पोटातच फिरायचं राहून गेलं.
मी घड्याळाच्या उलट सोडवत नेते, हळूहळू,
आवळणारे पट्टे कापते,
लहान आतडं सगळं उजवीकडे, मोठं डावीकडे.
पुस्तकातल्यासारखं नाही.
फक्त पुन्हा वळायला जागा नको.
आणि अपेंडिक्स काढून टाकते,
नाहीतर पुढे कधी दुखलं
तर भलत्याच बाजूला दुखेल, कुणाला कळायचं नाही.

भलत्या जागी, पण मोकळं.
घरी भांडी लावताना
बरेच दिवस हे माझ्या तोंडात होतं.

पावणेचारला फोन.
हात आधी ट्रेकडे गेला,
मग रिसीव्हरकडे.
वरून पोरगा म्हणाला,
मावशी, तीनचा नीडल होल्डर आहे का अजून?
एक खाली पडला.
आहे, म्हटलं. पाठवते.
पुढचं विचारायचं नसतं आम्ही.
त्यानंच सांगितलं, ठेवता ठेवता,
काळपट होतं, आता गुलाबी होतंय.

पाच वाजता सेट परत आला.
बारीक नळ्यांतून ब्रश फिरवला,
तीनदा, पाणी नितळ येईपर्यंत.
रक्त नावालाच होतं.
लॅबला जायची बाटली तांबेच्या हातात,
आत गव्हल्याएवढं काहीतरी,
लेबलावर पुन्हा बेबी ऑफ.
बारसं राहिलंय, तो म्हणाला,
सुवेर चालू होतं कुणाचं तरी घरात.

मोठा ट्रे दोन्ही हातांनी उचलून
मांडणीवर परत ठेवला.
कापडाची घडी तशीच, पट्टी फाटलेली नाही.
तारीख पाहिली. अकरा दिवस आहेत.
मग न उघडताच तो सोडायचा,
एकूणएक कात्री पुन्हा धुवायची.

धुवेन.